सायकलची उन्हाळवाही

हौशी सायकलस्वारांना मोबाइलवर जो सल्ला मिळतो तो बहुतेक थंड मुलखातून आलेला असतो. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे बर्फ, अंधार आणि ओले रस्ते, म्हणून ते महिने त्यांच्या सुटीचे. मार्च लागला की त्यांचा हंगाम उघडतो. रोहण्यातल्या एखाद्यानं ते वेळापत्रक जसंच्या तसं उचललं, तर डिसेंबरातल्या सोन्यासारख्या सकाळी तो घरात बसेल आणि पारा पंचेचाळीसला टेकला असताना अंतर वाढवायला बाहेर पडेल. वर्ध्याकडच्या आपल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात सायकलीचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. होळी ते पोळा हा बिनहंगामी काळ आणि त्याचेही दोन तुकडे: आधी ऊन, मग पाऊस. दोन्हींचं नियोजन वेगळं करावं लागतं.

योगायोग असा की लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वर्षही आपल्याच सोयीचं आहे. ब्रेव्हे म्हणजे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या, ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या फेऱ्या. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, भारतातला कारभार ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्सकडे, आणि वर्ष १ नोव्हेंबरपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत. नागपूरहूनही या फेऱ्या निघतात. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात. पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात की झालं. नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून सायकल चालवणाऱ्यानं दिवाळीनंतरची २०० ची ब्रेव्हे डोळ्यापुढे ठेवावी आणि तिथून उलटं मोजत होळीपर्यंत यावं.

इथे एक इशारा. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्यानं, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण करून आले. त्याच वर्षी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती केली. विदर्भातल्या पोरांना समर्थांचा अभिमान वाटतो आणि त्यांच्यासारखं मे महिन्यात तास न् तास चालवावंसं वाटतं. पण ती स्पर्धा असते जूनमध्ये. ज्याची परीक्षा जूनमध्ये, त्याला एप्रिल-मेमध्ये घाम गाळण्यावाचून गत्यंतर नाही. तुमची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात आहे. त्यांचा उन्हाळा तुमच्या कामाचा नाही.

मग उन्हाळ्यात करायचं काय? शेत रिकामं असलं तरी आपण ते तसंच सोडत नाही. उन्हाळवाही करून ठेवतो, ढेकळं तापू देतो, म्हणजे मृगाच्या पावसाला जमीन तयार असते. पाय आणि फुप्फुसं याच हिशेबानं सांभाळायची. थोडं काम, पण खोल.

शिकागोतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग या बाबतीत फार उपयोगाचे आहेत. त्यांनी माणसांकडून १० आठवडे, आठवड्यातले ६ दिवस, रोज ४० मिनिटं सायकल आणि धावणं असा दणकून सराव करून घेतला. पुढचे १५ आठवडे सराव घटवला: एका प्रयोगात दिवस कमी केले, दुसऱ्यात मिनिटं कमी केली, तिसऱ्यात जोर कमी केला. आठवड्याला दोनच दिवस उरले तरी, किंवा रोजची १३ मिनिटंच उरली तरी, शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जवळपास टिकून राहिली. जोर कमी झाला तिथे मात्र ती घसरली. १३ मिनिटंवाल्यांचा लांबवर टिकायचा दम थोडा कमी झाला होता, हेही सांगायला हवं; तो आपण पावसाळ्यात परत कमवू. उन्हाळ्यापुरता धडा एवढाच की दिवस कमी करा, वेळ कमी करा, पण आठवड्यातून एकदा तरी छाती भरून येईल असं चालवा. आपण नेमकं उलटं करतो. रोज रमतगमत दोन तास फिरतो, उन्हानं गळून जातो आणि सराव झाला असं समजतो.

त्यामुळे एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठवड्याला तीनदाच निघावं. त्यातला एक दिवस असा: १५ मिनिटं सावकाश, मग ३ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं सैल अशा ४ फेऱ्या, शेवटी १० मिनिटं हळूहळू परत. पन्नास मिनिटांत काम संपतं. जोरात म्हणजे बोलताना दोन-तीन शब्दांच्या वर वाक्य जाऊ नये इतपत. मेमध्ये आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि दिवसातली सगळ्यात कमी उष्णता त्याच्याच आसपास असते. पाचला मागे-पुढे दिवे लावून निघालात तर ऊन डोक्यावर येण्याआधी अंगणात असाल. बाकीचे दोन दिवस तासभर, हलक्या पायानं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीला, जोराचा दिवसही सोडून द्या. रात्रीच गारवा नसेल तर पहाटेचं जोराचं चालवणं अंगावर येतं.

उन्हाला शरीर सरावतं, त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. म्हणूनच मार्चमध्ये चढत्या उन्हाबरोबर नियमित चालवणाऱ्याला एप्रिल सोसतो आणि पुण्याहून सुटीला आलेल्या भाच्याला सोसत नाही. भाच्याला पहिल्याच सकाळी तुमच्या चाकामागे लावू नका. किती पाणी जातं ते कळायला वजनकाटा पुरतो. निघण्यापूर्वी आणि आल्यावर, घामाचे कपडे काढून, वजन करा. एक किलो घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवा. वजन उलट वाढलं असेल तर नुसतं पाणी जास्त झालं, आणि तेही बरं नाही. तासाभराच्या आतल्या फेरीला साधं पाणी चालतं. त्याहून जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि चवीला लिंबू, चमचा चहाचा. घरी आल्यावर पन्हं, ताक, जे असेल ते. खिशातला कांदा आजीच्या समाधानासाठी ठेवायला हरकत नाही, पण डोक्याला ओला दुपट्टा जास्त कामाचा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा. आधी पाणी ओता, फोन त्याबरोबर करा. थंड करायला लागलेला उशीर भरून निघत नाही.

आता सराव नोंदवण्याच्या वहीकडे वळू, कारण माझ्या मते बिनहंगामी सरावाचा जीव तिच्यात आहे. किलोमीटर लिहू नका असं मी म्हणत नाही. फक्त तो शेवटचा रकाना असू द्या. पहिला रकाना मिनिटांचा. दुसरा श्रमाचा. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं, चहा पिऊन झाल्यावर, स्वतःला विचारायचं की एकूण किती जड गेलं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त जमलंच नसतं. तो आकडा आणि मिनिटं यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी ही रीत रूढ केली आणि तिचं मूळ स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांच्या श्रममोजणीत आहे. महागडं घड्याळ नको, छातीला पट्टा नको. ६० मिनिटं आणि श्रम ३, भार १८०. पन्नास मिनिटांची जोराची सकाळ, श्रम ७, भार ३५०. आठवड्याची बेरीज रविवारी रात्री.

या रीतीचा खरा फायदा आपल्या भागात वेगळाच आहे. मोबाइलमधल्या अॅपला तुम्ही सायकलीवर बसल्यावरच जाग येते. समजा जुलैतल्या मंगळवारी तुम्ही चार तास डवरणी केली आणि ती पाचाच्या श्रमाची वाटली, तर २४० गुणिले ५, म्हणजे १,२०० झाले. रविवारी दोन तास चाराच्या श्रमानं सायकल चालवली त्याचे ४८०. अॅप मंगळवारी ‘विश्रांतीचा दिवस’ लिहितं आणि बुधवारी, आता ताजेतवाने आहात तर जोरात जा, असं सुचवतं. वहीत मात्र डवरणी, पोती उचलणं, निंदण, कापसाची वेचणी, सगळं त्याच मापानं बसतं. शेतात राबणाऱ्याला सायकलीचा ‘पाया’ घालायला शहरातल्या माणसाइतके तास लागत नाहीत, हे त्याला स्वतःच्याच आकड्यांवरून दिसतं. आणि आपण आळशी नसून थकलेले आहोत हेही.

भाराखेरीज दोनच गोष्टी लिहा: रात्रीची झोप आणि सकाळी उठल्याउठल्या अंथरुणातच मोजलेली नाडी. एक ओळ अशी दिसेल: ‘बुध. झोप ५ तास (लग्न, पुलगाव). नाडी ६५, नेहमी ५७. सायकल नाही.’ नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल, तर त्या दिवशी जोराचं काही करू नये. ताप येणार असेल, पाणी कमी पडलं असेल किंवा लग्नसराईतली जागरणं भोवत असतील, नाडीला ते तुमच्या आधी कळतं. या आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या सव्वापटीवर जाऊ लागली की एक दिवस गाळा. हा काही निसर्गनियम नाही, ठोकताळा आहे; पण गुडघेदुखीच्या बहुतेक कहाण्या एकदम वाढवलेल्या आठवड्यातून सुरू होतात.

सरासरी वेगाचा रकाना मी मुद्दाम सांगितला नाही. पुलगाव-आर्वी रस्ता साधारण दक्षिणोत्तर आहे आणि पावसाळ्यात वारं पश्चिमेचं. म्हणजे जातानाही आडवं, येतानाही आडवं. त्याच पायांनी, त्याच दमानं जूनअखेरीला वेग जानेवारीपेक्षा कमी दिसतो आणि माणूस उगाच खचतो. वर्ध्याकडे निघालात तर वारं पाठीशी असतं, सेलू-देवळीकडच्या मित्रांना मोठमोठे आकडे पाठवले जातात आणि परतीला बोलती बंद होते. वेग लिहायचाच असेल तर शेजारी वाऱ्याची दिशा लिहा.

अॅप वापरू नका असं नाही. नकाशा राहतो, मित्र बघतात, हुरूप येतो. पण पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, हे आपल्या पट्ट्यातल्या सायकलस्वारानं विसरू नये. स्ट्राव्हा या अॅपनं नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या फेऱ्यांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं दाखवून दिलं की सीरिया-अफगाणिस्तानातल्या ओसाड भागांत लष्करी तळांच्या आतल्या पायवाटा त्यात ठळक उमटल्या आहेत. सैनिकांनी व्यायामाची नोंद चालू ठेवली होती, एवढंच. डेपोत नोकरीला असलेल्यांनी तिथे नोंद बंदच ठेवावी. बाकीच्यांनीही कुंपणालगत थांबून फोटो काढू नयेत. आणि प्रत्येकानं, विशेषतः एकट्यानं निघणाऱ्या मुलींनी, फेरीची सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी. रोज पहाटे पाचला कोणत्या घरातून कोण एकटं निघतं हे गावाबाहेरच्यांना कळायचं कारण नाही. उन्हाळ्यात फोन हँडलवर लावू नका. ऊन चढलं की तो तापून बंद पडतो आणि नेमका गरजेच्या वेळी चालत नाही. मागच्या खिशात, रुमालात गुंडाळून.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की हिशेब उलटा करायचा. आता जोर कमी आणि वेळ जास्त. सबंध वाक्य न तुटता बोलता येईल इतक्या हळू, पण दीड तास, मग दोन, मग अडीच. हाच तो उन्हाळ्यात थोडा आटलेला दम. पेरणीच्या धांदलीत आठवडा बुडाला तर बुडू द्या; बेरजेत डवरा आणि तिफण आहेच. काळ्या मातीच्या पांदणीवर मात्र चार महिने पाऊल टाकू नका. चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठावी लागते. पुलावरून पाणी वाहत असेल तर घोटाभरच आहे म्हणून उतरायचं नाही, माघारी फिरायचं. धनोडीच्या निम्न वर्धा धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल त्या दिवशी नदीकाठचा बेतच नको. अंधारात ओल्या डांबरावर साप येतात, म्हणून पावसाळ्यात पहाटेऐवजी उजाडल्यावर निघा, ऊन नसतंच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आठवा. वास आला, पंपाचा आवाज आला, तर तोंड मिटून जोरात पुढे जाण्यापेक्षा रस्ता बदला. दमलेला माणूस श्वास खोल घेतो.

समृद्धी महामार्गाचा विरुळचा फाटा जवळ असला तरी त्यावर सायकलला परवानगी नाही आणि फाट्याच्या आसपास गाड्यांचा वेग अंगावर येणारा असतो. सरावाचा रस्ता आखताना तो तुकडा टाळता आला तर टाळा.

झडीचे दिवस घरातले. रोलर किंवा ट्रेनर घेण्याइतके पैसे असतील तर उत्तम, पण पंखा आणि वीज दोन्ही लागतात आणि वीज झडीतच जाते. त्यापेक्षा बैठका काढा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. दंड-बैठकांची परंपरा आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. पाठ ताठ, टाचा टेकलेल्या, वीस-वीसच्या तीन खेपा, आठवड्यातून दोनदा. मांड्या आणि कंबर यांनीच पुढे आठ-नऊ तास सीटवर धरून ठेवायचं असतं. यांचीही मिनिटं आणि श्रम वहीत.

झडीतच सायकलही तपासून घ्या. शाळेची बारा इंची फूटपट्टी चेनवर ताणून धरा. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं तर चोविसाव्या खटक्याची पिन बरोबर बारा इंचावर यायला हवी. ती एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, पुढे सरकली असेल तर चेन गेलीच आणि तिच्याबरोबर मागचे दातेही खाल्ले गेले असणार. अर्ध्या सुतावर असतानाच बदलली तर फक्त चेनचा खर्च. टायर उलटा करून आतून बोट फिरवा, पण सावकाश: बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, टोक आत राहतं आणि नवी ट्यूब घातली की तिसऱ्या दिवशी तीही बसते. चिमट्यानं टोक काढल्याशिवाय पंक्चर काढणं म्हणजे दुकानदाराची सोय.

पोळा झाला की वही मागे उलटून बघा. जुलै-ऑगस्टमधली सगळ्यात लांब फेरी किती तासांची होती, ते बघा. तिथून दर आठवड्याला अर्धा तास वाढवायचा, चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं. चढ आपल्याकडे नाहीच म्हटलं तरी चालेल. पुलगाव-आर्वीची नॅरोगेज शकुंतला रोहण्यावरून धावायची, आणि जो चढ त्या गाडीला जमला तो पायांना कितीसा जाणवणार? म्हणून सप्टेंबरअखेरीपासून पंधरा दिवसांतून एकदा आर्वीमार्गे तळेगावच्या सत्याग्रही घाटापर्यंत जाऊन या. तो नागपूर-अमरावती महामार्ग आहे, ट्रक भरपूर. रविवारी सकाळी, भडक रंगाच्या कपड्यांत, दोघं-तिघं मिळून.

दसरा ते दिवाळी दरम्यान एक मोठी चाचणी करा. रोहणा, पुलगाव, देवळी, वर्धा, सेवाग्राम आणि परत. शंभराच्या पुढे जाते. तोवर सोयाबीन निघालेलं असतं आणि रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक घसरतं, आणि ते कोणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं. उतरून बाजूनं जा. कापसाचे बंडे-ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चालतात, म्हणून अंधार पडायच्या आत घरी याल असंच निघा.

या चाचणीत वहीत नवा रकाना हवा: थांबण्याचा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्याही किंचित आत. चालवताना वीसचा वेग ठेवलात तर दहा तास लागतात आणि साडेतीन तास हाताशी उरतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण देवळीच्या स्टँडवर चहा वीस मिनिटं, वर्ध्यात आलुबोंडा अर्धा तास, सेवाग्रामच्या झाडाखाली पाठ टेकली ती चाळीस मिनिटं, एक पंक्चर पंचवीस. जवळपास दोन तास शंभरातच गेले. प्रत्येक थांब्याला उतरल्याची आणि निघाल्याची वेळ लिहा, रात्री बेरीज करा, मग ठरवा की डिसेंबरपर्यंत पायांचा वेग वाढवायचा आहे की चहाचा.